लक्ष नसल्याबद्दल सत्कार

आष्टीत सत्कार कोणाचाही होऊ शकतो. बदली होऊन आलेल्याचा होतो, बदली होऊन गेलेल्याचा होतो, आणि बदली रद्द झालेल्याचा तर दोनदा होतो. पोटासाठी मी इथल्या एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसते, पण गावात मला ओळखतात ते माइकमुळे. सूत्रसंचालन! शाल कोणत्या खांद्यावरून घसरणार, नारळ घेतल्यावर पाहुण्याला हात जोडायला हात उरणार नाही, फोटोवाला "सर, पुन्हा एकदा" म्हणणार, हे सगळं मला आधीच दिसतं. असं असूनही माझ्या पोटच्या पोरीचा सत्कार झाला तेव्हा मी चार हातांवर उभी होते, आणि मला तो थांबवता आला नाही.

पोरगी तेव्हा आठवीत होती. बोलायला घेतली तर कोणाला ऐकत नाही, तोंडी गणित विचारलं तर बाजारातल्या भाजीवालीच्या आधी उत्तर देते, आणि तेच गणित कागदावर दिलं की कागद कोरा. म्हणजे अगदी कोरा नाही. पहिल्या ओळीत उदाहरण उतरवलेलं, दुसऱ्या ओळीत वजाबाकीचं चिन्ह विसरलेलं, तिसऱ्या ओळीत समासात काढलेलं एक मांजर. 'माझा आवडता ऋतू' या निबंधात उन्हाळ्यापासून निघून ती चौथ्या वाक्यात कैरीच्या लोणच्यापाशी पोचायची, आणि मग लोणचं कसं घालावं हे मात्र अगदी शेवटपर्यंत. पाण्याच्या बाटल्या तिनं इतक्या हरवल्या की माझा समज झाला होता, शाळेत कुठंतरी बाटल्यांचं झाड असेल.

पहिलीपासून प्रत्येक शिक्षकानं मला एकच वाक्य ऐकवलं होतं, "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." मी ते इतक्यांदा ऐकलं की एका पालकसभेत त्यांच्या आधी मीच म्हणून दाखवलं. आवाजासकट. सर हसले नाहीत.

गावानं आपल्या परीनं उपाय सुचवले. शेजारच्या काकूंनी भिजवलेले बदाम सांगितले. मोठी नणंद म्हणाली, "गिरडले घेऊन जाय तिले, दर्ग्यावर. माह्या जावेच्या पोट्ट्याचं तोतरेपण तिथं गेलं." गिरड म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, "ताई, तोतरेपण नाही हो हिला, ही थांबतच नाही बोलायची." त्यावर नणंद म्हणाली, "मंग तेबी सांगजो तिथं." आम्ही गेलो. टेकडीवर छान वारा होता. पोरगी तिथं एक पाण्याची बाटली विसरून आली.

त्या वर्षी सहामाहीत ती तीन विषयांत नापास झाली. आधीच्या इयत्तांत याचं काही वाटलं नसतं, ढकलतच होते सगळ्यांना. पण आता आठवीला पुन्हा नापास करायला लागले आहेत. वार्षिकमध्ये राहिलं की फेरपरीक्षा, तिथंही राहिलं की वर्ष त्याच वर्गात. आमच्या गावातल्या मुलांच्या डॉक्टरांनी पोरीकडे जरा वेळ बघितलं, पाय हलतायत, हात टेबलावरचा स्टेपलर उघडतोय, आणि म्हणाले, "वर्ध्याला दाखवून या एकदा."

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई अगदी तरुण होत्या. त्यांनी पोरीला गप्पा मारायला लावलं, कोडी सोडवायला दिली, शाळेचं विचारलं, माझी आणि तिच्या बाबांची उलटतपासणी घेतली. तिचे बाबा संत्र्याचा बगिचा बघतात आणि माणसांपेक्षा कलमांशी जास्त बोलतात. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी तुम्ही कसे होते?" ते म्हणाले, "मास्तर मले फळ्याजवळच उभा ठेवे." एवढं बोलून ते थांबले, ते वर्धा सुटेपर्यंत.

दोन-तीन फेऱ्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं, हे एडीएचडी आहे. मग पोरीकडे वळून तिच्याशीच बोलल्या, की हा आळस नाही, ढ असणंही नाही. तुझं लक्ष सगळीकडे एकदम जातं, आणि एका जागी धरून ठेवायला तुला इतरांपेक्षा जास्त जोर लावावा लागतो.

पोरगी म्हणाली, "म्हणजे मी बह्याड नाई?"

"अजिबात नाही."

"मग हे लिहून द्या. आमच्या गणिताच्या मॅडमले दाखवाचं आहे."

डॉक्टर हसल्या आणि लिहून दिलं. शाळेनं काय करावं तेही लिहिलं. पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा. एका वेळी एकच सूचना द्या. मधून उठू द्या. प्रश्न वाचून दाखवा. परीक्षेला शांत खोली आणि शाळेला जमेल तेवढा जास्त वेळ. मी ते वाचलं आणि मला वाटलं, झालं! यात काय अवघड आहे? एक बाक पुढं सरकवायचा आहे, रेल्वेचा मार्ग नाही बदलायचा.

एसटीत परत येताना पोरीनं खिडकीकडे तोंड करून विचारलं, "मम्मी, मी आठवीतच राह्यली तर ती माह्या वर्गात येईन काय?"

ती म्हणजे माझ्या दिराची मुलगी. सातवीत, सुवाच्य अक्षर, बाटली कधीच हरवत नाही.

"तू नाही राहणार आठवीत."

"राह्यली तर?" ती म्हणाली. "ती माह्या बाजूले बसीन. मी नाई जाणार मंग शाळेत. बाबासोबत बगिच्यात जाईन. खरं सांगून राह्यली."

आमची पोरगी दिवसात शंभर गोष्टी बोलते आणि नव्वद विसरते. ही त्या नव्वदातली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेत गेले. आमचे हेडसर फार गोड माणूस. त्यांना 'नाही' म्हणवत नाही आणि 'हो' म्हणायची सवय नाही. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावतील की काय असं वाटलं, पूर्ण वाचला आणि म्हणाले, "फार उत्तम. वरून काही पत्र आलं आहे का?"

"वरून म्हणजे?"

त्यांनी बोट वर केलं. वर पंखा होता.

"सर, बाक पुढं घ्यायला वरून पत्र लागतं का?"

"बाकाचं नाही वैनी, पायंड्याचं आहे. बघू." आणि त्यांनी टेबलाची काच उचलून कागद खाली सरकवला. तिथं आधीपासून एक गणपती, संस्थेच्या दिवंगत अध्यक्षांचा फोटो आणि आर्वीच्या बसचं वेळापत्रक होतं. पुढच्या महिनाभरात मी चार-पाचदा गेले. दर वेळी सर चहा मागवायचे आणि कागद काचेखालून माझ्याकडे बघायचा.

गणिताच्या मॅडम निदान स्पष्ट बोलल्या. उंच, काठापदराची साडी, हातात खडू असा धरतात की समोरच्याला आपलं उत्तर चुकलंय असं वाटतं. "वैनी, खरं सांगू? लाडानं बिघडली ती. पन्नास लेकरं आहेत माह्याजवळ. एकीले जास्त वेळ देला तर बाकीचे मले खाऊन टाकतीन."

"मॅडम, तिला ते—"

"मला ते इंग्रजी नाव नका सांगू. आमच्या काळात यालाच धिंगाणा म्हणत."

डिसेंबर असा गेला. पोरगी रोज विचारायची, "काय म्हणे सर?" मी म्हणायची, "बघू म्हणे." मग ती विचारेनाशी झाली, आणि ते मला जास्त लागलं.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. आणि मला सुचलं! आमच्या गावात कागदावर लिहिलेली गोष्ट वर्षानुवर्षं कागदावर राहू शकते. पण प्रमुख पाहुण्यासमोर माइकवरून बोललेली गोष्ट झाल्याशिवाय राहत नाही. मागं एका पाहुण्यांनी भाषणाच्या भरात स्मशानभूमीत नळ जाहीर केला होता. त्यांना कोणी मागितलाही नव्हता. टाळ्या पडल्या, आणि बिचाऱ्यांना तो पदरचे पैसे घालून बसवावा लागला. मी ठरवलं, शाळेकडे काही मागायचंच नाही. शाळेनं ते दिलंच आहे असं धरून शाळेचं अभिनंदन करायचं.

त्या दिवशी जिल्ह्याहून शिक्षण खात्यातले एक साहेब प्रमुख पाहुणे होते. आष्टीत भाषण करणारा प्रत्येक पाहुणा बेचाळीसच्या लढ्यापासून सुरुवात करतो. करायलाच पाहिजे, हुतात्म्यांचं गाव आहे. फक्त काही पाहुणे तिथून लवकर परत येतात, काही येत नाहीत. हे साहेब अर्ध्या तासानं सत्तेचाळीसपर्यंत आले आणि तिथंच थांबले. पुढचा कार्यक्रम कोळीनृत्याचा होता. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही अशा बारा पोरी पडद्यामागं कमरेला रुमाल गुंडाळत होत्या, आणि त्यातल्या एकीचा सुटत होता. मला आतून खूण झाली, "दोन मिनिटं काढा."

सूत्रसंचालिकेला याहून गोड शब्द नाहीत.

मी माइक जवळ घेतला. आवाज खाली आणला. "रसिकहो, या दोन मिनिटांत तुम्हाला एक आनंदाची गोष्ट सांगते. काही लेकरांची बुद्धी चांगली असते, पण त्यांचं लक्ष एका जागी टिकत नाही. अशा लेकरांना पुढं बसवणं, प्रश्न वाचून दाखवणं, परीक्षेला शांत खोली आणि थोडा जास्त वेळ देणं, हे मोठ्या शहरांतसुद्धा सगळीकडे होत नाही. आपल्या या शाळेनं मात्र, वरून कुठल्याही पत्राची वाट न बघता, आदरणीय मुख्याध्यापकांच्या पुढाकारानं ते सुरू केलं आहे!"

साहेबांनी मान वर केली. साहेबांनी टाळी वाजवली. साहेबांनी वाजवली म्हणून संस्थेच्या लोकांनी वाजवली, त्यांनी वाजवली म्हणून मंडपानं वाजवली. हेडसर खुर्चीतून अर्धे उठले, हात जोडले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी असा भाव पाहिला, जणू माणसाला आपण केलेलं चांगलं काम अचानक आठवावं. साहेब त्यांच्या कानात काहीतरी म्हणाले. सर आणखी उजळले. पहिल्या रांगेतल्या गणिताच्या मॅडम मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी माझं उत्तर तपासलं होतं, आणि रीत चुकीची असल्याचं त्यांना कळलं होतं.

मी मनात विजयाची तुतारी फुंकत पुढचा कार्यक्रम जाहीर करायला तोंड उघडलं, तोच हेडसरांनी माझ्या हातातून माइक घेतला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सत्कारासाठी आणलेल्यांपैकी एक शाल उरली होती, कारण एक निमंत्रित आले नव्हते. उरलेली शाल ही स्टेजवर फार धोकादायक वस्तू असते.

"आत्ताच वैनींनी जे सांगितलं," सर म्हणाले, "त्यातली ती विद्यार्थिनी आज आपल्यात आहे!" आणि त्यांनी माझ्या पोरीचं नाव घेतलं.

मी "सर, सर" म्हणत होते. माइक नसलेल्या सूत्रसंचालिकेला कोण ऐकतं?

पोरगी कोळीनृत्यात होती. ती पडद्यामागून आली ती कोळणीच्या वेषात, नाकात चिकटवलेली नथ, कडेवर पुठ्ठ्याच्या मासळीची टोपली. तिला वाटलं नाच सुरू झाला, म्हणून ती ठेक्यात दोन पावलं टाकत आली आणि थांबली.

"हिला एडीएचडी आहे!" सर म्हणाले. "जोरदार टाळ्या!"

जोरदार पडल्या. साहेबांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. तिला दुसरा हात मोकळा नव्हता म्हणून तिनं तो मासळीच्या टोपलीत ठेवला. फोटोवाला म्हणाला, "सर, पुन्हा एकदा." स्टेजसमोर बायकांच्या रांगेत एक आजी शेजारणीला विचारत होती, "काय भेटलं व तिले?"

"एडीएचडी."

"बाप्पा! पहिला नंबर का दुसरा?"

मग संगीत लागलं आणि पोरगी शाल अंगावर ठेवूनच नाचली. एक पाऊल चुकलं नाही. मंडपात तेवढी एकच कोळीण मला दिसत होती. ती माझ्याकडे एकदाही बघत नव्हती.

घरी आल्यावर तिनं शाल घडी करून माझ्या कपाटात ठेवली. कधी नव्हे ते घडी करून. मी म्हटलं, "मी तुझं नाव घेतलं नव्हतं गं."

"सरनं घेतलं. तुनं रस्ता करून देल्ला."

"तुला खोली मिळेल आता, वेळ मिळेल."

"मले विचारलं होतं काय?" ती म्हणाली. "साऱ्या गावाले सांगतलं, मले सोडून. मी नाई बसणार त्या खोलीत. ठेवा मले आठवीत."

तिचे बाबा जेवताना म्हणाले, "तुले माईक द्याच नाई पाहिजे कोणी." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांचं इतकं लांब आणि इतकं बरोबर वाक्य मी ऐकलं नव्हतं.

म्हणजे हिशेब असा झाला. शाळेनं मदत मान्य केली होती, साहेबांच्या साक्षीनं, शाल-नारळासकट. आणि ज्या पोरीसाठी हे सगळं केलं ती ते घ्यायला तयार नव्हती.

सोमवारी मी काउंटरवर असताना हेडसरांचा फोन आला. आवाज बसलेला. "वैनी, जरा येता का? इथं रांग लागली आहे."

रांग खरंच लागली होती. हेडसरांच्या खोलीबाहेर व्हरांड्याच्या टोकापर्यंत. सातवी-आठवीची पोरं, काही पाचवीची चिल्लीपिल्ली.

"सर, मलेबी एडीएचडी आहे."

"कशावरून?"

"सर, मले भूगोलात झोप येते."

"झोप म्हणजे ते नाही रे बाबा! तुला काय होतं?"

"सर, मले नाई, पण हा म्हणे शाल भेटते."

एक पालक तर थेट भांडायला आले होते. "माह्या पोट्ट्याले काऊन नाई देल्ला? आम्ही का परके आहो का? वर्गणी देतो ना आम्ही दरसाल!" हेडसर त्यांना समजावत होते की हा पुरस्कार नाही. पण पुरस्कार नाही तर स्टेजवर का दिला, असं त्यांनी विचारल्यावर सर माझ्याकडे बघायला लागले. मी गुपचूप तिथला चहा घेतला.

तेवढ्यात गणिताच्या मॅडम आल्या. त्यांनी रांग पाहिली, हेडसरांना पाहिलं, मला जरा जास्त पाहिलं, आणि व्हरांड्यात उभं राहून वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "कोणाकोणाले पाहिजे? चांगलं आहे. आजपासून शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत या. जास्त वेळ पाहिजे ना? जास्त वेळ म्हणजे जास्त गणितं. मी आहोच."

पहिल्या दिवशी प्रयोगशाळा भरून बाकं बाहेर लागली. दुसऱ्या दिवशी निम्मी. तिसऱ्या दिवशी आष्टीतली एडीएचडीची साथ पूर्ण ओसरली. राहिली तीन लेकरं. एक मुलगा फळा दिसत नाही म्हणून इतके दिवस मागच्याचं बघून लिहीत होता. मॅडमनी त्याला चष्मा लावायला पाठवलं आणि तो बरा झाला. एक आमच्या पोरीच्याच वर्गातली पोरगी, जंगलपट्टीतल्या पाड्यावरची, गोंड घरातली, मावशीकडे राहून शिकणारी. तिच्या घरी आजीशी बोलायची भाषाच वेगळी. गणित तिला येई, पण प्रश्नाची मराठी दोनदा वाचून दाखवली तर. तिसऱ्या मुलीचं काय होतं ते कळलं नाही. तिला बहुतेक घरी जायचंच नसावं, आणि मॅडमनी तेही न विचारता तिला मागच्या कोपऱ्यात बसू दिलं.

माझी पोरगी मात्र घंटा झाली की सरळ घरी.

एके दिवशी संध्याकाळी त्या पाड्यावरच्या पोरीनं आमचं फाटक ढकललं. मी ओट्यावर भाजी निवडत होते. तिनं मला नमस्कारही केला नाही, सरळ आत बघून ओरडली, "ए कोळीण! बाहेर ये!"

माझी पोरगी बाहेर आली.

"काऊन येत नाई तू?"

"नाई येत. मले शरम वाटते."

"शरम! तुह्या नावानं खोली भेटली, अन् तूच घरी? मी तिथं एकटी मॅडमच्या समोर बसतो. डोळे पाह्यले काय तू त्या मॅडमचे? त्या एका गणितावर येऊन थांबतात अन् मग माह्यावर येऊन थांबतात."

"त्या चष्मेवाल्याले बसव ना."

"तो बरा झाला, गेला. आता तूच बिमार आहे तेवढी. चाल."

"मी बिमार नाई."

"मंग तर चालच."

पोरगी हसली. स्नेहसंमेलनानंतर पहिल्यांदा. "फक्त तुह्यासाठी येतो," ती म्हणाली. "उद्यापासून. अन् मले कोळीण म्हणू नको." दोघी फाटकाशी अर्धा तास बोलत उभ्या राहिल्या. मी आणखी एकदा तीच मेथी निवडली, आवाज न करता. माझ्यासारखीला किती कठीण गेलं असेल ते बघा.

प्रयोगशाळेत काय चालायचं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळायचं. मॅडमनी माझ्या पोरीसमोर दहा गणितांचा कागद ठेवला तर पोरगी दहाही गणितांकडे एकदम बघत बसे. एक दिवस कंटाळून मॅडमनी वरची नऊ वहीनं झाकून टाकली. पोरीनं दहावं सोडवलं. मग नववं उघडलं. तेही सुटलं. असा उलटा तो कागद पूर्ण झाला. मॅडमना आनंद झाला नाही, राग आला. "येत होतं तर इतके दिवस केलं काऊन नाई?" पोरगी म्हणाली, "बाकीचे पाहून राह्यले होते ना माह्याकडे." कोण बाकीचे? तर गणितं.

मग तिला उठून खिडकीपर्यंत जायची मुभा मिळाली, उदाहरण मोठ्यानं म्हणायची मुभा मिळाली, आणि पाड्यावरच्या पोरीला तेच उदाहरण आपसूक दोनदा ऐकू यायला लागलं. मी एकदा आभार मानायला गेले, तर मॅडम म्हणाल्या, "मला ते एडीएचडी-बिडीएचडी अजून समजत नाही, वैनी. झाकून देलं की करते, एवढं समजते." मग म्हणाल्या, "अन् तुम्ही माइकवर मला न विचारता माझ्या डोक्यावर काम टाकलं, ते मी विसरली नाही." मी मान खाली घातली. अभिनय नव्हता तो, किंवा फार थोडा होता.

हेडसरांचा उत्साह दरम्यान थांबला नव्हता. त्यांनी प्रयोगशाळेच्या दारावर पाटी लावली, 'विशेष अवधान कक्ष', मोठ्या लाल अक्षरांत, खाली शुभहस्ते कोणाच्या ते. पोरीनं पाटी पाहिली आणि दारातूनच मागं फिरायला निघाली. मॅडमनी आतून मानवी पचनसंस्थेचा मोठा तक्ता आणला आणि पाटीवर टांगला. हेडसर आले, तक्ता पाहिला, मॅडमकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बघू." पाटी आजही आतड्यांमागं असेल.

वार्षिक परीक्षा एप्रिलच्या उन्हात. इतर पेपर बरे गेले म्हणायचे, मराठीच्या निबंधात लोणचं आलं नाही. गणिताच्या दिवशी मी कामावरून लवकर निघून शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. घंटा झाली. पोरं फुटली, आरडाओरडा, एकमेकांची उत्तरं, कोणाच्या तरी पाठीवर शाई. दिराची मुलगी सायकलवरून गेली, "काकू, येतो" म्हणत. फाटक रिकामं झालं.

माझी पोरगी कुठल्याही पेपरातून सगळ्यांच्या आधी बाहेर येणारी. अर्धा कोरा कागद देऊन, उड्या मारत. ती आज दिसेना. शिपायानं अर्धं फाटक लावलं. "कोणाची वाट पाहून राह्यले, वैनी?"

"आतली एक राहिलीय."

"आत त्या खोलीत दोघी आहेत अजून. मॅडम बसल्या आहे बाहेर, कोणाले जाऊ देऊन नाई राह्यल्या. हेडसर गेलते विचाराले, त्यायलेबी हाकललं."

इतका वेळ गप्प उभी मी आयुष्यात राहिले नसेन. शिपायाला दया आली असावी, त्यानं मला स्टूल दिलं.

शेवटी दोघी आल्या. पाड्यावरची पोरगी पुढं, माझी मागं, बोटांना शाई, कपाळावर घाम. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. "कसा गेला?" मी विचारलं.

"सगळा लिहिला."

"सगळा?"

"चुकला असेल काही. पण सगळा लिहिला." ती म्हणाली. "भूक लागली."

निकालाला ती गणितात पास झाली. काठावर, पण काठ अलीकडचा नव्हता, पलीकडचा होता. बाकीच्या विषयांतही निघाली. पाड्यावरची पोरगी तिच्याहून बरीच पुढं. हेडसर व्हरांड्यात सगळ्यांना हात जोडत होते. मी डोळे पुसत होते, आणि माझ्यासारखी बाई डोळे पुसते तेव्हा ते दुरून दिसतं.

पोरगी माझ्याकडे न बघता निकालपत्रावरच्या 'इयत्ता नववीत प्रवेशास पात्र' या ओळीवर बोट फिरवत होती. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"मम्मी, नववीत गणित दोन असतात. बीजगणित वेगळं अन् भूमिती वेगळी. दोन पेपर."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "नववीले ह्याच मॅडम आहेत का, ते विचारून येते. तू इथंच थांब. आत येऊ नको. अन् कोणाशी बोलू नको."

मी थांबले.